मीटर वीज मोजते, दिनचर्याही

राज्यात २०२४ साली स्मार्ट मीटरविरोधात असंतोष उसळला, तो प्रामुख्याने प्रीपेड आकारणी आणि वाढीव बिलांच्या धास्तीपोटी. खासगीपणाचा मुद्दा चर्चेत अभावानेच आला. नेदरलँड्समध्ये मात्र तोच वादाचे मूळ ठरला होता. तेथील सरकारने मीटर सक्तीचे करून नकार देणाऱ्यास दंड, प्रसंगी तुरुंगवास अशी तरतूद विधेयकात केली होती. दर पंधरा मिनिटांची वीजनोंद कंपनीकडे जाणार होती. अशा नोंदींवरून कुटुंब केव्हा उठते, घर कधी रिकामे असते, याचा अंदाज सहज बांधता येतो. चोराला याहून अधिक काय हवे? टिलबर्ग विद्यापीठातील अभ्यासकांनी २००८ मध्ये या योजनेवर युरोपीय मानवी हक्क कराराच्या ८व्या कलमाच्या आधारे आक्षेप घेतला. एप्रिल २००९ मध्ये वरिष्ठ सभागृहाने विधेयक अडवले. अखेर २०११ मध्ये संमत झालेल्या सुधारित कायद्याने ग्राहकाला मीटर नाकारण्याची मुभा दिली.

वास्तविक, एखाद्या भागातील विजेच्या मागणीचा अंदाज घेण्यास रोहित्रावरील एकत्रित नोंदही बव्हंशी पुरते; त्यासाठी प्रत्येक घराचा आलेख लागतोच असे नाही. भारतात ग्राहक हक्क नियमांतील २०२३ च्या दुरुस्तीने स्मार्ट मीटरचे दूरस्थ वाचन दिवसातून किमान एकदा व्हावे, असे ठरवले. कमाल किती वेळा, हे त्यात नाही.