पाणंद गेली कुठे?

दिवाळीच्या फराळावर कोणी कडू बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. पण आमच्या घरचा वाद गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावरच पेटला. तो इतके दिवस मनात घोळत राहिला आहे की आज बोलल्यावाचून राहवत नाही. वाचकांनी चकलीबरोबर हेही चावून पाहावे.

भाऊबीजेला आक्का आली, तिच्याबरोबर माझा भाचाही आला. तो पुण्यास संगणकाच्या कंपनीत आहे. दिवसभर खुर्चीवर बसतो आणि त्याबद्दल त्याला उत्तम पगार मिळतो. चहा झाल्यावर त्याने खिशातून एक कागद काढला आणि म्हणाला, "मामा, उन्हाळ्यात मी युरोपला चाललोय. तिथं चालणार आहे."

"कुठून कुठवर?" मी विचारले.

"एका गावाहून दुसऱ्या गावाला."

ओसरीवर हशा पिकला. आमचे थोरले बंधू म्हणाले, "अरे, मग अंबडला जाऊन ये की चालत! फुकटात होईल."

भाचा रागावला नाही. त्याने कागद उलगडून दाखविला. स्पेन देशात सांतियागो म्हणून जुने तीर्थक्षेत्र आहे. तिकडे जाणाऱ्या अनेक वाटांपैकी एकीवरचा शेवटचा टप्पा तो चालणार होता. सार्रियापासून निघावयाचे, पोर्तोमारीन, पालास दे रेई, मेलिदे, अर्सूआ, पेद्रोउसो असे मुक्काम करीत सहा दिवसांत सुमारे ११५ किलोमीटर. बरोबर वाटाड्या नाही. पिवळे बाण आणि शिंपल्याची खूण पाहत चालावयाचे. बोचके मोटारीने पुढच्या मुक्कामी जाते. जवळच्या पुस्तिकेवर मुक्कामोमुक्कामी शिक्के घ्यावयाचे. निदान १०० किलोमीटर पायी झाले की शेवटी प्रमाणपत्र मिळते. मात्र परवान्यासाठी अर्ज करताना प्रत्येक रात्री कोठे निजणार हे आधी सांगावे लागते आणि ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमाही उतरवावा लागतो. हे ऐकून आक्का म्हणाली, "एवढं करून चालायचंच ना?"

मी त्या दिवशी भाच्याची बाजू घेतली आणि आजही घेतो. त्याला हसणारे दोन प्रकारचे लोक आहेत. पहिले म्हणतात, चालणे हे गरिबाचे काम. ज्याच्या दारात मोटारसायकल आहे त्याने चालावयाचे ते डॉक्टरांनी सांगितले तर. यांना उत्तर देण्यात अर्थ नाही, त्यांना डॉक्टर सांगतीलच. दुसरे म्हणतात, आपली वारी असताना युरोपात काय ठेवले आहे? हे मात्र विचार करण्यासारखे आहे, कारण यात अर्धे सत्य आहे.

वारीसारखे चालणे जगात थोडे असेल. शेगावची पालखी पंढरपुराहून परतताना शहागड, अंबड, जालना अशी आमच्याच भागातून जाते, तेव्हा आम्हीही रस्त्यावर उभे राहतो. खुद्द आमचे अंतरवाली सराटी २०२३ साली उपोषणाने महाराष्ट्रास ठाऊक झाले आणि २० जानेवारी २०२४ रोजी येथूनच मुंबईकडे पायी मोर्चा निघाला. त्या प्रश्नाविषयी मला येथे लिहावयाचे नाही. सांगावयाचे एवढेच की, आम्हाला चालणे शिकविण्याची गरज नाही. हजारोंनी निघालो की रस्ता आमचा होतो. माझा प्रश्न निराळा आहे. एकटा माणूस, साध्या बुधवारी, शेजारच्या गावी पायी निघाला तर त्याने जावे कोठून?

युरोपात या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते आपोआप मिळालेले नाही. इंग्लंडात १९३२ साली किंडर स्काउट नावाच्या पठारावर मँचेस्टरकडचे शेकडो कामगार मनाई मोडून चढले. पाच जण तुरुंगात गेले. पुढे १९४९ साली कायदा झाला आणि पाऊलवाटा मोजून नकाशावर चढविण्याचे काम सुरू झाले. आज इंग्लंड व वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. पाऊलवाट शेताच्या मधून गेली असेल तर शेतकऱ्याला ती नांगरता येते. पण पेरणीसाठी पहिल्याने मोडली तर १४ दिवसांत पूर्ववत करून द्यावी लागते. स्वित्झर्लंडने १९७९ साली पायवाटांची तरतूद थेट राज्यघटनेत घातली. तेथे सुमारे ६५,००० किलोमीटर वाटांवर पिवळ्या पाट्या आहेत. त्यांवर बहुधा मैल-किलोमीटर नसतात, चालून किती वेळ लागेल ते असते. आपली म्हातारी माणसेही अंतर असेच सांगत.

म्हणजे माझा भाचा पैसे मोजतो ते हवेचे आणि डोंगराचे नव्हेत. वाट मध्येच संपणार नाही, या भरवशाचे ते पैसे आहेत.

हा भरवसा आपल्याकडे नव्हता असे नाही. महानुभावांच्या स्थानपोथीत चक्रधरस्वामी कोठे कोठे राहिले ते गावोगाव, दिशा सांगून नोंदलेले आहे. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली निघाले आणि मजल दरमजल करीत उत्तर हिंदुस्थान पाहून आले. आजही कोणत्याही गावाचा नकाशा काढून पाहा. गावांना जोडणाऱ्या गाडीवाटा आणि पायवाटा तुटक रेषांनी काढलेल्या दिसतील. त्या रेषा कोणाच्या मालकीच्या नाहीत, सर्वांच्या आहेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी भाच्याला म्हणालो, "चल, तुझा सराव घेऊ. नकाशा माझ्याजवळ आहे, गंगेच्या बाजूने जाऊ." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. थोडे अंतर बरे गेले. मग उसाने वाट गिळली. फिरून गेलो तर कपाशीला तारेचे कुंपण. त्यापुढे वाटेची नाली झालेली. शेवटी मोठ्या रस्त्याला लागलो आणि उसाच्या ट्रॉल्या, मालमोटारी यांच्या कडेने जीव मुठीत धरून परतलो. भाचा फक्त इतकेच म्हणाला, "मामा, पहिल्यांदा वाट संपली ते शेत कुणाचं होतं?"

ते शेत आमचेच होते.

येथे मला कबुली दिली पाहिजे. मी दहावीपर्यंत शिकलेला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझ्या दोन्ही कादंबऱ्यांत बाभळींनी झाकलेल्या पाणंदीचे वर्णन आहे आणि वाचकांनी ते नावाजले आहे. ते लिहीत होतो तेव्हा ती पाणंद आमच्याच उसाखाली होती. वडिलांच्या वेळेपासून दर साली नांगराचे एकेक तास तिच्यात सरकत गेले. कालव्याचे पाणी आले, जमिनीला भाव आला, तसतसे ते तास अधिक रुंद झाले. कोणी दरोडा घातला नाही. सर्वांनी थोडी थोडी चोरी केली.

याची किंमत कोणी दिली? आम्ही नव्हे, आम्हाला मोटारसायकली आहेत. किंमत दिली वस्तीवरच्या पोरींनी. माझ्या हाताखाली शिकून गेलेली एक हुशार मुलगी आठवीनंतर घरी बसली. तिचा बाप मला म्हणाला, "गुरुजी, पाणंद व्हती तवर धाडली. त्या ट्रकांच्या रस्त्यानं कशी धाडू?" मी त्याला शिक्षणाचे महत्त्व सांगितले! पाणंदीविषयी तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

कायदा नाही असे म्हणू नका. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम आहे, २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेत पाणंद रस्त्यांची तरतूद झाली. परंतु हे सारे शेतात जाणाऱ्यासाठी आहे. १४३ व्या कलमाखाली वाट मागतो तो जमीनधारक. वाटसरू नव्हे, शाळेची पोरही नव्हे. ज्याला जमीन नाही त्याला वाटही नसावी काय?

यंदा मृगाआधी मी मोजणी आणविली. आमच्याकडून दीड गुंठा बाहेर निघाला. थोरले बंधू म्हणाले, "सगळे सोडतील तेव्हा आपणही सोडू. आपण एकट्यानंच का?" हा प्रश्न गावात प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून विचारतो आणि म्हणूनच पाणंद कोणाकडूनही सुटत नाही. मी माझ्या वाटणीतून दीड गुंठा सोडला. बंधू दोन महिने बोलले नाहीत. राखीला आक्काने दोघांना एका पाटावर बसविले तेव्हा बोलले. आमच्या शेतापुरती पाणंद आज मोकळी आहे. ती उसातून निघते आणि उसात संपते. लोक हसतात. हसोत; भाच्याला हसलो तेव्हा त्यांच्यात आम्हीही होतो.

मे महिन्यात भाचा स्पेनमध्ये चालून आला. त्याने मला एक छायाचित्र पाठविले. त्यात एका गोठ्याच्या दगडी भिंतीवर पिवळा बाण रंगविलेला आहे आणि खाली एक म्हातारा शेतकरी बसला आहे. भिंत त्याच्याच गोठ्याची.

वाचकहो, युरोपला जरूर जा. मुलाबाळांना घेऊन जा, पायी हिंडा, शिक्के घ्या. पण त्याआधी या दिवाळीत गावी जाल तेव्हा तलाठ्याकडे गावाचा नकाशा मागा. त्यावरील तुटक रेषांपैकी किती उरल्या आहेत ते पायी चालून पाहा. आणि मोजणीची सुरुवात शेजाऱ्याच्या बांधापासून करू नका, आपल्या बांधापासून करा.