संशयाच्या काळीं

गेल्या महिन्यांत आमचे एक तरुण स्नेही सायंकाळीं भेटीस आले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यांनीं संकोचानें विचारलें, "गुरुजी, रोज पूजेला बसतों; पण हात गंधाकडे आणि मन कचेरीकडे असतें. शेजारीं ठेवलेला मोबाईल वाजला, कीं स्तोत्र अर्ध्यावरच राहतें. कधीं कधीं तर ऐकणारा कोणी आहे कीं नाहीं, हीच शंका येते. अशा माणसाला देवाच्या प्रेमाची ओळख पटावी तरी कशी?"

उपदेश करणें हें आमच्या हाडींमासीं खिळलेलें. पण त्या दिवशीं आमच्यानें तो करवेना. कारण हीच शंका एकदां आमच्याच घरीं वर्षभर मुक्कामास होती, आणि ती गोष्ट आम्हीं आजवर कोणास सांगितली नव्हती.

४ वर्षांपूर्वीं आमच्या कुटुंबाचा देहान्त झाला. पुढील सर्व कृत्यें यथासांग पार पडलीं. परंतु त्यानंतर संध्येस बसलों, कीं आचमनाचें पाणी तळहातावर तसेंच राही आणि मन रुग्णशय्येपाशीं जाऊन बसे. औषध वेळेवर दिलें होतें ना? आणखी एका डॉक्टरांना दाखविलें असतें तर? मंत्र मुखांतून निघत. पण त्यांचा अर्थ हरपला होता. ज्या बाईनें जन्मभर देवाचें केलें तिच्या वांट्याला अखेरीस इतक्या वेदना कां, या प्रश्नाचें उत्तर मिळेना; म्हणून आम्हीं एके दिवशीं पूजाच सोडली. ज्यानें ३० वर्षें मुलांकडून गीता पाठ करून घेतली, त्याची ही अवस्था!

असेंच वर्ष लोटलें. एके दुपारीं नातीचा पाठ घ्यावयाचा म्हणून गीतेचा सहावा अध्याय उघडला. त्यांत अर्जुन तक्रार करतो, कीं मन आवरणें हें वारा आवरण्याइतकें कठीण आहे. भगवंत त्याच्यावर रागावत नाहींत. तें कठीण आहे हें ते मान्य करतात आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. तेवढ्यानें अर्जुनाचें समाधान होत नाहीं. श्रद्धा आहे पण मन ढळलें, अशा माणसाचें पुढें काय होतें? फुटलेल्या ढगाप्रमाणें तो दोहोंकडून नाहींसा तर होत नाहीं ना? हा माझा संशय आपणच दूर करावा, असें तो ३९ व्या श्लोकांत विनवितो.

४० व्या श्लोकांतील उत्तरांत भगवंत त्याला 'तात' अशी हांक मारतात. हा शब्द मूळचा पित्याचा. पिताच पुत्ररूपानें विस्तार पावतो म्हणून पुत्रालाही तात म्हणतात, आणि शिष्य हा पुत्रासारखाच, असा उलगडा श्रीशंकराचार्यांनीं आपल्या भाष्यांत केला आहे. वर्गांत हें आम्हीं शेंकडों वेळां सांगितलें असेल. त्या दुपारीं मात्र प्रथमच ध्यानांत आलें, कीं 'बाळा' अशी ही हांक अर्जुनाला युद्ध जिंकल्यावर मिळालेली नाहीं. 'मला संशय आहे' असें त्यानें म्हटलें, आणि लगेच पुढच्या श्लोकांत ती आली.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही देवघरांत डोकावलों. आमच्या मागें देवांची पूजा सूनबाई करतात, एवढें ठाऊक होतें. पण बाजूस आमचा पाट मांडलेला होता. पळी-पंचपात्र घासून, ताजें पाणी भरून ठेवलें होतें. तबकांत तुळस होती, सहाणेपाशीं खोड होतें. आम्हीं विचारलें, "हें केव्हांपासून?"

त्या म्हणाल्या, "मामंजी, तुम्हीं पूजा सोडलीत त्या दिवसापासून रोज मांडतें. आजारपणांत सासूबाई म्हणाल्या होत्या, 'माझ्या मागें हे देवावर रुसतील. बोलावूं नकोस, पाट मात्र रोज मांडून ठेव.'"

देवानें आपल्याकडे पाठ फिरविली, असें आम्ही ज्या वर्षाविषयीं म्हणत होतों, त्या वर्षांतील एकही सकाळ त्या पाटावांचून गेली नव्हती. आम्हीं तिकडे पाहिलें नव्हतें, इतकेंच. वेदनांच्या प्रश्नाचें उत्तर त्या पहांटे मिळालें नाहीं. आजही मिळालेलें नाहीं. पण आम्ही पाटावर बसलों.

थोरांची गोष्टही फारशी निराळी नाहीं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळांत श्रीतुकाराममहाराजांचा व्यापार बुडाला आणि दोन पत्नींपैकीं एक अन्नावांचून गेली. पुढें पडक्या देवळाची डागडुजी करावी असें त्यांच्या मनानें घेतलें. एकादशीस कीर्तन करूं लागले तेव्हां आपलें चित्त अभ्यासांत नव्हतें, अशी प्रांजळ कबुली त्यांनीं स्वतःच्या अभंगांत दिली आहे. मग त्यांनीं संतांचीं वचनें पाठ केलीं आणि पुढें गाणाऱ्यांच्या मागें उभें राहून धृपद धरलें. चित्त लागेपर्यंत ते घरीं थांबून राहिले नाहींत.

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंति आहे. घरांत कोणी देवावर रुसलें असेल, तर त्याच्याशीं वाद घालूं नये; त्याचा पाट मांडून ठेवावा. आणि रुसलेले आपण स्वतःच असलों, तर आपला पाट कोण मांडीत आहे, तें एकदां वळून पाहावें.

आमच्या स्नेह्यांनीं हें सारें ऐकून घेतलें आणि बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग उठतां उठतां म्हणाले, "येतों, गुरुजी. वातींचा कापूस संपल्याचें आई सकाळीं म्हणत होती. दुकान बंद होण्यापूर्वीं तो घेऊन जातों."