जड शब्द सोपे असतात

फ्रेंचभाषक नर्सला किंवा डॉक्टरला इंग्रजी शिकवायचं म्हटलं, की आधी हातात ठेवली जाते ती रोगांच्या, अवयवांच्या आणि शस्त्रक्रियांच्या नावांची लांबलचक यादी. हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे. त्यातलं बहुतेक त्यांना आधीच येत असतं. 'आपाँदिसित'चं 'अपेंडिसायटिस' करायला असे कितीसे कष्ट पडतात? दोन्ही भाषांनी ग्रीक-लॅटिनच्या एकाच कोठारातून माल उचलला आहे. शेपूट बदललं आणि उच्चार सांभाळला की काम भागतं.

अडतं ते भलतीकडेच. पेशंट 'व्हॉमिट' म्हणत नाही, 'थ्रो अप' म्हणतो. 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपली, 'पास अवे' म्हणजे माणूस गेला. क्रियापद तेच, फरक मागच्या एवढ्याशा शब्दाचा! पायाला बधिरपणा आला की इंग्रजाला टाचण्या आणि सुया टोचतात. फ्रेंच माणसाच्या पायात मात्र, आपल्यासारख्याच, मुंग्या येतात. 'शिन' म्हणजे नडगी, 'रिस्ट' म्हणजे मनगट: असल्या शब्दांपुढे लॅटिन हात टेकतं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं तेव्हा त्यांची फ्रेंच दरबारात आणि न्यायालयात जाऊन बसली. झोपडीतल्या माणसाच्या नडग्या आणि मनगटं जुन्या इंग्रजीतच राहिली. म्हणजे फ्रेंचभाषकाला या घराचा वरचा मजला वारशात मिळालेला आहे. त्याला तळमजल्याची वाट दाखवायला हवी. आपले अभ्यासक्रम त्याला पुन्हा जिना चढायला लावतात.

त्यात सारखे दिसणारे शब्द दगा देतात. फ्रेंच 'आँझिन' म्हणजे घशाची, टॉन्सिलची सूज. इंग्रजी 'अँजायना' म्हणजे हृदयविकाराची कळ. फ्रेंचमध्ये 'माल ओ कर' शब्दशः हृदयाचं दुखणं, पण त्याचा अर्थ नुसती मळमळ. 'अँतॉक्सिके' म्हणजे विषबाधा झालेला. इंग्रजीत 'इन्टॉक्सिकेटेड' म्हणजे प्यायलेला. असल्या गफलतीची किंमत किती असते? १९८० साली फ्लोरिडात एका अठरा वर्षांच्या मुलाबद्दल घरच्यांनी याच शब्दाचं स्पॅनिश भावंड वापरलं. डॉक्टरांनी अर्थ घेतला तो अमली पदार्थांच्या अतिसेवनाचा. मेंदूतला रक्तस्राव वेळेवर लक्षात आला नाही, आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले.

यावर एक स्वाभिमानी आक्षेप येतो: फ्रेंच माणसानं इंग्रजीपुढे का झुकावं? आक्षेप पोकळ नाही. १९९७ मध्ये ओंटारिओत ओटावाचं मोंफोर हे फ्रेंच भाषेतून चालणारं रुग्णालय बंद करायचा बेत जाहीर झाला, तेव्हा तिथले फ्रेंचभाषक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले आणि २००१ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयात जिंकले. पण ते कशासाठी लढले? दुखणं सांगायला माणसाला त्याची स्वतःची भाषा मिळावी म्हणून. ते तत्त्व खरं असेल, तर खाटेवर इंग्रजीभाषक आजी असली तरी ते खरंच असायला हवं. तिच्या भाषेत तिचं ऐकून घेणं ही शरणागती नव्हे. मोंफोरचाच हक्क दुसऱ्या बाजूनं पाळणं आहे.

तेव्हा ती यादी आधी कपाटात टाका. पहिले सहा महिने पेशंट खरोखर काय बोलतात तेवढंच शिकवा: ठणकणं, चुरचुरणं, गरगरणं, 'कसंतरी होतंय'. परीक्षाही लेखी नको. समोर घाबरलेला, अर्धवट बोलणारा माणूस बसवा, आणि त्याला नक्की काय होतंय ते विद्यार्थ्याला ओळखू द्या. रोगाचं भारदस्त नाव नंतर फाइलवर लिहायचंच असतं, आणि ते फ्रेंच माणसाला येतं. त्याआधी पेशंटनं साध्या शब्दांत जे सांगितलं ते कळलं नाही, तर फाइलवर भलत्याच रोगाचं नाव पडेल. स्पेलिंग मात्र अचूक असेल.