पश्चात असा परिवार आहे

मराठी वृत्तपत्रातील निधनवार्ता चाळीस-पन्नास शब्दांत आटोपते. नाव, गाव, वय, मृत्यूचे कारण, अंत्यसंस्काराची जागा आणि मागे राहिलेली माणसे हा तिचा क्रम सहसा मोडत नाही. वय ऐंशीच्या पुढे असेल तर कारण ‘वृद्धापकाळ’. अलीकडे असेल तर ‘अल्पसा आजार’ नाहीतर ‘हृदयविकाराचा तीव्र झटका’. अल्पसा आजार प्रत्यक्षात दोन वर्षे चाललेला असू शकतो. मग येतो ‘पश्चात’ हा शब्द: पत्नी, दोन मुलगे, सुना, विवाहित मुली, जावई, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे. शेवटच्या ओळीत घरातले एखादे ठळक नाव हुद्द्यासह येते. माजी सरपंच अमुक यांचे ते वडील होत.

हे ‘होत’ म्हणजे ‘होय’चे आदरार्थी, वर्तमानकाळी रूप. एकाच वार्तेत माणूस ‘८५ वर्षांचे होते’ म्हणून भूतकाळात जातो आणि दोन ओळींनी ‘वडील होत’ म्हणून वर्तमानात परततो. बोलण्यातून हे रूप जवळजवळ गेले. निधनवार्तेने ते जपून ठेवले आहे. माणूस गेला तरी नाते चालूच आहे, ही समजूत त्या एका क्रियापदात आहे. तो माणूस पन्नास-साठ वर्षे रोज सकाळी उठून काय करत होता, हे मात्र त्या पन्नास शब्दांत कुठेच नसते.

बाईच्या बाबतीत नाते आणखी दाटते. पूर्वी नावाआधी ‘सौ.’ किंवा ‘गं. भा.’ लागायचे, म्हणजे मृत्यूच्या बातमीतही पहिली माहिती नवऱ्याच्या हयातीची. पुढे ती अमुक यांच्या पत्नी, तमुक यांच्या मातोश्री. तिचे माहेरचे नाव क्वचित छापले जाते. तिने तीस वर्षे गावातली बाळंतपणे केली असली, तरी बातमी मुलाच्या नोकरीवर संपते.

काय गळते ते वयावरून मोजता येते. १९४०च्या सुमारास जन्मलेली माणसे आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. त्यांतला पुण्यातला एखादा पानशेतचे धरण फुटले त्या १२ जुलै १९६१ रोजी एकवीस वर्षांचा होता. वाड्यात पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले, हे तो बोटाने दाखवू शकत असे. पाटणकडचा कोणी ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात घराबाहेर धावला होता. मराठवाड्यातल्या बाईने १९७२च्या दुष्काळात खडी फोडली, मुलांना सुकडी खाऊ घातली, मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या. परळ-लालबागच्या माणसाने १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरण्यांचा संप पाहिला आणि त्यानंतरची घरातली चूलही. या सगळ्या घटना पुस्तकांत आहेत. पायरी, भाकरी आणि चूल त्या माणसांबरोबर जातात.

आयुष्याची गोष्ट सांगितली जाते ती तोंडी, आणि तीही थोडेच दिवस. तिची सुरुवात रडण्यात होते. खेड्यात लेक किंवा बहीण दारात पाऊल टाकताच हेल काढून रडते, तेव्हा ती गेलेल्याचे गुण आणि प्रसंग एकामागून एक सांगत असते: कुणी चोळी-बांगडी केली, कुणी कर्ज काढून शिकवले, कोणत्या दुखण्यात कोण उशाशी बसले. शहरी पाहुण्यांना तो नुसता आक्रोश वाटतो. नीट ऐकले तर तो मृत्युलेख असतो, आणि छापील मृत्युलेखापेक्षा कितीतरी तपशीलवार. त्यात तक्रारीही येतात, ज्या छापील मजकुरात कधीच येत नाहीत.

मातीला जाणे, राख सावडणे, मग दहा-बारा दिवस सांत्वनाला येणाऱ्यांची रीघ. या दिवसांत घरात गोडधोड नसते, तळण नसते आणि टीव्हीही बहुधा बंद असतो. त्यामुळे बोलणे भरपूर होते. चुलत्याला ठाऊक असलेली हकीकत मुलाला पहिल्यांदा कळते. वडील तरुणपणी पळून मुंबईला गेले होते, दोन महिने हमाली करून परत आले, हे पन्नाशीतल्या लेकाला अशाच एखाद्या दुपारी समजते.

दहाव्याला घाटावर तर उघड चर्चाच होते. पिंड मांडलेले असतात, शेजारी गेलेल्याच्या आवडीचा पदार्थ असतो, आणि कावळा शिवत नाही. मग जमलेली माणसे गेलेल्याच्या मनात काय राहिले असेल याचा शोध घेऊ लागतात. धाकट्याचे लग्न राहिले, म्हणून थोरला पुढे होऊन हात जोडतो. कावळा येत नाही. विहिरीच्या वाटणीचे असेल, असे कोणीतरी हळू आवाजात म्हणते. तेही कबूल होते. शेवटी कोणाला तरी आठवते की म्हाताऱ्याचा जीव बैलात होता. हा विधी श्रद्धेचा की अंधश्रद्धेचा यावर पुष्कळ लिहून झाले आहे. त्यात घडणारी ही उलटतपासणी मात्र दुर्लक्षित राहिली. एखाद्या वृद्धाला काय हवे होते, याचा इतका गंभीर विचार त्याच्या हयातीत फारसा झालेला नसतो. फारच उशीर झाला की दर्भाचा कावळा करून शिववतात आणि चर्चा संपते.

बाराव्याच्या सपिंडीकरणात नव्या मृताचा पिंड त्याच्या आधीच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळतात. त्यानंतरच्या श्राद्धात मुलगा पिता, पितामह आणि प्रपितामह अशी तीन नावे घेतो, अनुक्रमे वसू, रुद्र आणि आदित्य या रूपांत. नवे नाव आत आले की सर्वांत जुने या तिघांतून बाहेर पडते. विधीची स्मृती अशी तीन पिढ्यांची आहे, आणि तीही नाव-गोत्रापुरती. भाद्रपदातल्या महालयात यादी लांबते. तिथे मामा येतो, गुरू येतो, मित्रही येतो. अविधवा नवमी नवऱ्याआधी गेलेल्या बायकांसाठी राखलेली, तर सर्वपित्री अमावस्या ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी.

हा विधी न मानणाऱ्यांनी आपापल्या वाटा काढल्या. १८७३मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने भटजीवाचून संस्कार करण्याची रीत घातली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६मध्ये नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. बौद्ध घरांत त्याऐवजी जलदान विधी किंवा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. वंदना झाली की माणसे उठून गेलेल्याबद्दल बोलतात. चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्याचा कार्यक्रम असेल तर त्या वस्तीचा पन्नास वर्षांचा इतिहास तासाभरात ऐकायला मिळतो. कोल्हापूर-सांगलीकडे रक्षा नदीत न सोडता शेतातल्या खड्ड्यात टाकून त्यावर झाड लावणारी घरे वाढत आहेत. वसईचे ख्रिस्ती २ नोव्हेंबरला दफनभूमीत कबरींवर फुले आणि मेणबत्त्या ठेवतात.

दगडावर स्मृती कोरण्याची चाल महाराष्ट्रात जुनी, पण ती म्हाताऱ्यांसाठी नव्हती. गावोगावच्या वीरगळांवर खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे. गुरे राखताना किंवा लढताना पडलेल्याला दगड मिळाला. अंथरुणावर गेलेल्या आजोबांना नाही. शिवाय बहुतेक वीरगळांवर नावही नाही.

नावे सापडतात ती वेगळ्या ठिकाणी. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या आहेत, जुन्या नोंदी मोडीत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर येऊन वंशावळ म्हणून दाखवत. सरकारी दप्तरात गाव नमुना १४ची जन्ममृत्यूची नोंदवही आहे, जिला लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. जातीच्या दाखल्यासाठी पुरावा लागला की ती शोधली जाते, एरवी नाही. मृत्यूनंतर तलाठ्याकडे वारसनोंद होते, ती ६-क मध्ये. १९६९च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याखाली मृत्यू २१ दिवसांत कळवायचा असतो. त्यासाठीच्या अर्जात सांख्यिकीपुरती व्यवसायाची नोंद आहे, आणि गेलेल्या माणसाला तंबाखू, सुपारी, दारू यांची सवय होती का व किती वर्षे, असेही विचारलेले आहे. माणसाच्या आयुष्याविषयी शासनाला पडलेला हा बहुधा शेवटचा प्रश्न.

शोकसभा हा त्या मानाने अलीकडचा, सभासंस्कृतीतून आलेला प्रकार. वाचनालय, पतपेढी, तालीम, ज्येष्ठ नागरिक संघ यांच्यात तो रुजला. संघाच्या मासिक बैठकीत आधी वाढदिवस, मग श्रद्धांजली, दोन मिनिटे उभे राहणे आणि मग चहा. चांगला वक्ता असला तर प्रसंग सांगतो. नसला तर ‘मनमिळाऊ’, ‘परोपकारी’ आणि ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ यांवर भागते. करोनाच्या काळात अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा आली, तेव्हा सभा, सांत्वन, घाट सारेच खंडित झाले. त्या दोन वर्षांत गेलेल्या वृद्धांविषयी त्यांच्या घरांत अजूनही कमी बोलले गेले आहे.

लेखणीने हे काम मोठ्यांसाठी उत्तम केले. टिळकांनी ‘केसरी’त आगरकरांवर लिहिले ते वर्षानुवर्षांच्या वैरानंतर, आणि आचार्य अत्र्यांच्या मृत्युलेखांचे ‘समाधीवरील अश्रू’ हे पुस्तकच झाले. सामान्यांसाठी उपयोगी पडली ती दुसरी रीत, माणूस असतानाच विचारून ठेवण्याची. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९मध्ये सिद्ध केले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या सुमारे शंभर जणांना बोलते केले; ते पुस्तक २००४मध्ये इंग्रजीत आले, पुढे मराठीतही. त्यातली माणसे आता एकेक करून जात आहेत, आणि त्यांच्याही निधनवार्ता ‘असा परिवार आहे’वर संपतात.

घरात वर्ष पुरे होईपर्यंत फोटोचा प्रश्न मिटलेला असतो. म्हाताऱ्या बाईचा एकटीचा फोटो बहुधा नसतोच. नातवाच्या लग्नातल्या समूहातून तिचा चेहरा कापून मोठा करतात, खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात तसाच राहतो. वर्षश्राद्ध झाले की फोटो टेबलावरून भिंतीवर जातो, चंदनाचा हार त्यावर कायम होतो. तिथी मात्र कालनिर्णयवर पेनाने लिहिलेली असते. दर जानेवारीत कोणीतरी जुने कॅलेंडर उतरवण्याआधी पंचांग पाहून ती नव्या पानावर मांडते. एखाद्या वर्षी ते राहून गेले, की पुढे ती तिथी सर्वपित्रीला जाते.