ऋण, अपराध आणि माफी

जर्मन भाषेत ‘शुल्ड’ असे एक नाम आहे. त्याचा एक अर्थ ऋण आणि दुसरा अपराध. त्याचे मूळ ‘सोलेन’, म्हणजे ‘करणे भाग असणे’, या क्रियापदाशी जुळते. जे देणे भाग आहे ते ‘शुल्ड’, आणि ते न देणाराच्या माथी बसते तेही ‘शुल्ड’च. नीत्शे या तत्त्वज्ञाने १८८७ साली अपराधभावनेचा उगम धनको-ऋणको संबंधात शोधला, तो याच शब्दाचा धागा धरून.

हे केवळ जर्मनांचे वैशिष्ट्य नव्हे. वैदिक ‘ऋण’ शब्दातही देणे आणि दोष या दोन्ही छटा आढळतात. संस्कृतात कर्ज देणारा ‘उत्तमर्ण’ आणि घेणारा ‘अधमर्ण’! व्यवहार एकच, परंतु एक उत्तम ठरला आणि दुसरा अधम.

अरबी-फारसीतून आलेल्या ‘कर्ज’ या शब्दाला असा कलंक नव्हता. तो आपण ‘कर्जमाफी’ या शब्दाने लावला. माफी अपराधाची असते. उदगीरच्या मोंढ्यावर सोयाबीन आणि तूर आणणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती पाऊस नाही आणि भावही नाही. तरी पीक गेले की तो ‘कर्जबुडवा’ ठरतो. कारखानदाराचे कर्ज मात्र ‘बुडीत’ होते. जणू ते आपले आपणच बुडाले! राज्य शासनाने २०१९ च्या योजनेला ‘कर्जमुक्ती’ असे नाव दिले, हे योग्यच झाले; परंतु शब्द बदलल्याने व्यवस्था बदलत नाही.

खुद्द जर्मनीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातील २३१ व्या कलमाने युद्धाची जबाबदारी जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली आणि नुकसानभरपाईचा बोजा त्या पायावर उभा केला. अपराध आणि देणे एक झाले. त्यातून द्वेष पोसला गेला. १९५३ च्या लंडन करारात धनको राष्ट्रांनी वेगळा मार्ग धरला. पश्चिम जर्मनीचे सुमारे निम्मे बाह्य कर्ज त्यांनी सोडले आणि उरलेल्याची फेड तिच्या कुवतीशी जोडली. तेथे प्रश्न पापाचा नव्हे, हिशेबाचा मानला गेला.

माफीने पतशिस्त बिघडते, असा आक्षेप अर्थशास्त्री घेतात. निवडणुकीच्या तोंडावर येणाऱ्या लहरी माफीपुरता तो खराही आहे. परंतु मग नियमित कायदा हवा, हाच त्याचा निष्कर्ष निघतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने कंपन्यांना देणे कापून घेऊन पुन्हा उभे राहण्याचा कायमचा मार्ग दिला. केरळने २००६ साली कायदा करून शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारण आयोग स्थापण्याची तरतूद केली. महाराष्ट्राने तसा स्थायी आयोग का नेमू नये? पाऊस आणि बाजारभाव पाहून त्याने फेडीची कुवत ठरवावी आणि उरलेला बोजा हक्काने उतरवावा.

शेतकऱ्याला क्षमा नको आहे. क्षमा मागावी असा कोणता अपराध त्याने केला आहे? त्याला हवा आहे तो चोख हिशेब.