पाटीवरचे उरलेले चाळीस टक्के

‘धंद्याला भाषा नसते’ हे वाक्य सीमाभागातील मराठी दुकानदाराच्या तोंडून अलीकडे इतक्या वेळा ऐकू येते की, कोणी तरी ते छापून घरोघर वाटले असावे असा संशय यावा. गुंजीपासून खानापूरपर्यंत आणि खानापूरपासून बेळगावच्या रविवार पेठेपर्यंत कोणत्याही किराणा दुकानात मराठी पाटीचा विषय काढून पाहा. दुकानदार आधी इकडेतिकडे पाहतो, मग आवाज खाली आणतो आणि हे वाक्य पुढे करतो. हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. तो शासनाविरुद्धही आहे. पण आधी आपल्या घरचे पाहू.

धंद्याला भाषा नसते, तर मग ‘किराणा’ हा शब्द कोठून आला? संस्कृतातील ‘क्रयाणक’, म्हणजे विकत घेण्याजोगा माल, हे त्याचे मूळ. ‘वाणी’ आणि ‘वाणसामान’ यांचे मूळ ‘वणिज्’मध्ये आहे आणि कन्नडमधील ‘बणजिग’ हा व्यापारीवाचक शब्दही त्याच मुळाचा. ‘दुकान’ अरबीतून फारसीच्या वाटेने आले. त्या दुकानातील ‘तूप’ कन्नड ‘तुप्प’शी नाते सांगते आणि पानाच्या तबकातला ‘अडकित्ता’ही कन्नडकडूनच आपल्याकडे आला. म्हणजे एका साध्या वाण्याच्या दुकानात चार भाषांचे माप ओतलेले आहे. धंद्याला भाषा नसते असे म्हणणाऱ्याने आपल्याच फळीवरचे डबे नीट वाचलेले नाहीत.

मापांचेच पाहा. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली. प्रत्येक पायरीला दुप्पट होत जाणारी ही मोजणी निरक्षर बाईलाही तोंडपाठ असे आणि तिला फसवणे वाण्याला सोपे नसे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि त्याच वर्षी वजन-मापांच्या प्रमाणीकरणाचा केंद्रीय कायदाही झाला. एकाने आमचे राज्य बदलले, दुसऱ्याने माप. किलोग्रॅम सर्वांनी स्वीकारला, कारण तो सर्वांना सारखा होता. राज्याच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही, म्हणून महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. (जाता जाता: सोनाराच्या ताजव्यात आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा होतो. माउली देवीच्या आमच्या गावाच्या नावात वजनाचे सर्वांत लहान माप ऐकू येते, हा नामसाम्याचा योग मला नेहमी सूचक वाटतो. शासनदरबारी आमचे वजन तेवढेच आहे.)

आता किराणा दुकानात प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. गावाकडची एखादी आजी पिशवी घेऊन येते. तिला ‘ती पिवळी डाळ, मागल्या खेपेची नको, ती शिजत नाही’ असे सांगायचे असते. दुकानदार तिला तूर की मूग हे विचारतो, मागल्या खेपेची कोणती ते आठवतो, सून बाळंत झाली का याची चौकशी करतो, आळीव-डिंक काढून देतो आणि पैसे वहीत मांडतो. या पाच मिनिटांत जी मराठी बोलली जाते तिला कोणताही परिपत्रकी आधार नाही. तरीही शाळेबाहेर आणि घराबाहेर सीमाभागात मराठीला जी थोडी सार्वजनिक जागा उरली आहे, तिच्यात हा कट्टा पहिला आहे. तलाठ्याच्या टेबलावर ती नाही, बसच्या फलकावर नाही, वीजबिलावर नाही. वाण्याच्या कट्ट्यावर आहे.

आणि ती केवळ मराठी वाण्याच्याच कट्ट्यावर आहे असेही नाही. बेळगावच्या बाजारपेठेतील जुने लिंगायत व्यापारी मराठी गिऱ्हाइकाशी अस्खलित मराठी बोलत आले आहेत. मराठी दुकानदारही बैलहोंगलकडच्या गिऱ्हाइकाला कन्नडमध्येच भाव सांगतो. कोणी कोणाला सक्ती केली नव्हती. ज्याला माल विकायचा त्याने घेणाऱ्याची भाषा बोलायची, हा पेठेचा अलिखित कायदा होता आणि तो विधिमंडळात केलेल्या कायद्यापेक्षा चांगला पाळला गेला. ‘धंद्याला भाषा नसते’ याचा खरा अर्थ काही असेलच तर तो असा की, धंद्याला गिऱ्हाइकाची भाषा असते.

हा अलिखित कायदा आज मोडला आहे आणि तो मोडण्यात कन्नड संघटनांपेक्षा काचेच्या दारांचा वाटा मोठा आहे. टिळकवाडी, अनगोळ, वडगाव या भागांत राहणारे आमचे सुशिक्षित कुटुंब रविवारी ढकलगाडी घेऊन सुपरमार्केटात फिरते. तासाभरात दोन-तीन हजारांची खरेदी होते आणि त्या तासात विक्रेत्याशी एक संपूर्ण वाक्य बोलावे लागत नाही. बोललेच तर ते ‘भैया, ये कितने का है?’ असे असते. समोरचा ‘भैया’ अनेकदा खानापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातला, मराठी शाळेत शिकलेला मुलगा असतो. तोही हिंदीत उत्तर देतो. दोन मराठी माणसे, मराठी शहरात, वाटाण्याच्या भावाबद्दल, तिसऱ्याच भाषेत! येथे कोणता अध्यादेश आडवा आला? कोणत्या संघटनेने दगड मारला?

मोबाइलवरून किराणा मागवण्याने उरलेसुरले बोलणेही संपवले. तेथे शोधायची चौकट असते. तिच्यात इंग्रजी अक्षरांत शब्द टाकावा लागतो. ‘हुलगे’, ‘वरी’, ‘आळीव’ हे शब्द त्या चौकटीला कळोत न कळोत, घरातल्या मुलाला कळेनासे होतात हे मात्र नक्की.

शिवाय त्या पुड्यावरचा मजकूर पाहा. वेष्टनबंद वस्तूंविषयीच्या २०११ च्या केंद्रीय नियमांनुसार वजन, किंमत, उत्पादकाचे नाव इत्यादी सक्तीचे तपशील हिंदीत देवनागरी लिपीत किंवा इंग्रजीत द्यावे लागतात. अन्नपदार्थांच्या लेबलांविषयीचे २०२० चे विनियम हेच सांगतात. अन्य भाषा जादा म्हणून वापरण्यास मनाई नाही, पण सक्तीही नाही. परिणाम उघड आहे: बहुतेक पुड्यांवर केवळ इंग्रजी. आत शेंगदाणे आहेत काय, तेल कोणते, कोणत्या तारखेपर्यंत खावे, हे मराठी आजीला वाचता येत नाही आणि कन्नड अज्जीलाही येत नाही. ग्राहकाला माहितीचा हक्क कायद्याने दिला आहे. मात्र ती माहिती त्याला समजणाऱ्या भाषेत देण्याचे बंधन कोणावर नाही. पाटीवरून एकमेकांची डोकी फोडणाऱ्या दोन्ही बाजूंनी या पुड्यासाठी एकत्र मोर्चा काढला असता, तर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी दुवा दिला असता. पण पुडा रस्त्यावरून दिसत नाही. पाटी दिसते.

पाटीच्या कायद्याकडे येऊ. २७ डिसेंबर २०२३ रोजी बंगळुरूत इंग्रजी पाट्यांची मोडतोड झाली. त्यानंतर कर्नाटक शासनाने अध्यादेश काढू पाहिला. राज्यपालांनी तो परत पाठवला. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने कन्नड भाषा सर्वंकष विकास अधिनियमात दुरुस्ती केली. पाटीवर साठ टक्के कन्नड असली पाहिजे आणि ती वरच्या भागात असली पाहिजे, असा आता नियम आहे. बंगळुरूच्या मॉलसाठी घेतलेले हे माप गुंजीच्या टपरीलाही तसेच लावले गेले.

याला विरोध करताना आपण प्रामाणिक असले पाहिजे. महाराष्ट्रानेही २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना अधिनियमात कलम ३६-क घालून मराठी पाट्या सक्तीच्या केल्या. व्यापारी न्यायालयात गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि खटल्यावर पैसे घालण्यापेक्षा पाट्यांवर घाला, अशा आशयाचे सुनावले. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. म्हणून ‘राज्याच्या भाषेत पाटी नकोच’ असे म्हणण्याचा नैतिक अधिकार मला नाही आणि मी ते म्हणतही नाही. गुंजीच्या दुकानावर कन्नड असावी. कन्नड ही शेजारची भाषा आहे, शत्रूची नव्हे. माझा आक्षेप मापाला आहे. महाराष्ट्राचा कायदा सांगतो की मराठी अक्षरे इतर भाषेच्या अक्षरांहून लहान नसावीत. दोन्ही सारखी असली तर कायदा समाधानी होतो. कर्नाटकाचा कायदा टक्केवारी ठरवून समानता आधीच बाद करतो. ज्या तालुक्यात बहुसंख्य लोक मराठी बोलतात तेथेही मराठी ही कायम धाकटीच राहील, असे तो गृहीत धरतो.

तथापि आता जे सांगणार आहे ते आमच्या काही मित्रांना आवडणार नाही. साठ टक्के कन्नडला गेल्यावर उरलेल्या चाळीस टक्क्यांविषयी कायदा मौन पाळतो. तेथे कोणती भाषा लिहावी हे तो सांगत नाही. मराठी लिहू नये असे तर मुळीच नाही. मग बेळगावच्या खडेबाजारात, गणपत गल्लीत, शहापुरात फिरून पाहा: त्या चाळीस टक्क्यांत मराठी दुकानदाराने काय लिहिले आहे? बहुतेक ठिकाणी इंग्रजी. वडिलांनी रंगाऱ्याकडून देवनागरीत काढून घेतलेली पाटी उतरली. वर कन्नड आली ती सक्तीने, खाली इंग्रजी आली ती हौसेने, आणि मराठी गेली ती कोणीही न ढकलता. या प्रकरणात मी शासनाविरुद्ध वकीलपत्र घेऊ शकतो. हौसेविरुद्ध कोणत्या न्यायालयात उभा राहू?

दुकानदार म्हणतो, मराठी लिहिली तर काच फुटेल. भीती निराधार नाही. शहराने दगडफेक पाहिली आहे. पण तीच भीती सांगणारा माणूस आपल्या पिशवीवर, पावतीवर, आत टांगलेल्या भावफलकावर, वाणसामानाच्या छापील यादीवरही मराठी लिहीत नाही. तेथे कोणाचा दगड पोहोचतो?

कायद्याची बाजू अलीकडे बळकट झाली आहे, हेही सांगितले पाहिजे. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीबरोबर उर्दू लिहिली होती. तिला आव्हान दिले गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उर्दूच्या बाजूने निकाल दिला. भाषा ही धर्माची नसते, ती त्या भागातील लोकांची असते आणि राजभाषेबरोबर दुसरी भाषा वापरण्यास कायदा आडवा येत नाही, असा त्याचा आशय आहे. मराठी वृत्तपत्रांतील काही जाणकार तेव्हा हळहळले. मी तो निकाल दोनदा वाचला आणि समाधान पावलो. पातूरमध्ये जे उर्दूला मिळाले ते खानापूर, निपाणी, बेळगाव येथे मराठीने मागायचे आहे. तेथे उर्दू पुसायला निघालेल्या माणसाचा पराभव हा येथे आमचा सर्वांत चांगला दाखला आहे.

माझ्याकडे जे दुकानदार पाटीची नोटीस घेऊन येतात, त्यांतल्या अनेकांना ती वाचता येत नाही, कारण ती फक्त कन्नडमध्ये असते. दंड कशाचा, मुदत किती, हे आधी दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाविषयी केंद्राने १९५६ मध्ये जे ज्ञापन संसदेपुढे ठेवले त्यात म्हटले आहे की, जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिकेत ज्या भाषिक गटाची संख्या पंधरा ते वीस टक्के असेल, त्याच्या भाषेत महत्त्वाच्या सूचना व नियम प्रसिद्ध करावेत. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषकांचे प्रमाण अठरा टक्क्यांहून अधिक आहे. खानापूर तालुक्यात तर त्रैराशिक मांडण्याचीही गरज नाही. शासनाचे स्वतःचे किराणा दुकान म्हणजे रेशन दुकान. त्यावर ‘न्यायबेले अंगडी’ असे कन्नडमध्ये लिहिलेले असते आणि हातातली शिधापत्रिकाही कन्नडमध्ये असते. त्यातला ‘न्याय’ तेवढा आम्हाला वाचून न दाखवताही कळावा, अशी अपेक्षा दिसते.

म्हणून मागणी दुहेरी आहे. शासनाने नोटीस, रेशनचा भावफलक आणि शिधापत्रिका मराठीतही द्यावी. आणि आपण चाळीस टक्के वापरावेत. टिळकवाडीतल्या गृहिणीने काउंटरवरच्या मुलाशी मराठीत बोलावे. तो बोलेल, त्याला येते. महिन्याची यादी मराठीत लिहून गल्लीतल्या वाण्याकडे द्यावी. दर सुपरमार्केटपेक्षा दोन रुपये जास्त पडतील, ते मी नाकारत नाही. प्रत्येक घराला ते परवडतील असेही म्हणत नाही. ज्यांना परवडतात त्यांच्याविषयी बोलतो आहे आणि ते बेळगावात कमी नाहीत.

ज्या दुकानदारांना पाटीची नोटीस आली आहे त्यांच्यासाठी उत्तराचा एक मसुदा तयार केला आहे. त्यात साठ टक्क्यांची पूर्तता केल्याचे छायाचित्रासह कळवायचे आहे, उरलेल्या जागेत मराठी लिहिल्याचे स्पष्ट नमूद करायचे आहे आणि पुढील पत्रव्यवहार मराठीतही व्हावा अशी १९५६ च्या ज्ञापनाच्या आधारे मागणी करायची आहे. उत्तर मुदतीत द्यावे, पोच घ्यावी आणि पोचेवर शिक्का असल्याची खात्री करावी. मूळ नोटीस फाडू नये. रागाच्या भरात ती फाडणारे बरेच भेटतात आणि मग माझ्यापुढे सिद्ध करायला कागदच उरत नाही.