गोराईची बोली आणि विद्यापीठाचे बळ

मुंबई विद्यापीठाच्या संशोधनाची थोरवी सांगताना बहुधा रसायन तंत्रज्ञान विभागाचे नाव पुढे केले जाते. 1933 मध्ये सुरू झालेला तो विभाग 2008 मध्ये वेगळे अभिमत विद्यापीठ झाला, तरी त्याचा अभिमान ओसरलेला नाही. 2021 मध्ये 'नॅक'ने दिलेल्या 'ए प्लस प्लस' श्रेणीचेही असेच कौतुक झाले. ते व्हावेच. पण या विद्यापीठाचे खरे बळ आम्हाला दुसरीकडे दिसते.

पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली 1919 मध्ये येथे समाजशास्त्र विभाग उभा राहिला आणि पुढे गो. स. घुर्ये यांनी तो घडवला. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास हे घुर्यांचे विद्यार्थी. श्रीनिवास यांनी मुंबईत शिकताना प्रबंधासाठी विषय निवडला तो आपल्याच म्हैसूरकडच्या विवाहाचा आणि कुटुंबाचा. 1942 मध्ये त्याचे पुस्तक झाले. विद्यार्थ्याचे घर हेच संशोधनाचे क्षेत्र, ही त्या विभागाची दृष्टी होती.

ती दृष्टी साहित्याच्या अभ्यासकांनी उचलायला हवी, असे आमचे मत आहे. वसईपासून सिंधुदुर्गापर्यंतची महाविद्यालये या एकाच विद्यापीठाला जोडलेली आहेत. वाडवळी, सामवेदी, वारली, आगरी, कोळी, मालवणी अशा बोली बोलणारी मुले त्यांच्या वर्गांत बसतात. इतके बोलीवैभव किती विद्यापीठांच्या वाट्याला येते?

बोरिवलीची खाडी ओलांडून गेले की लागणाऱ्या गोराईचेच पाहा. येथील ख्रिस्ती कुटुंबांची बोली मराठीच. 'ईस्ट इंडियन' हे नाव समाजाने घेतले ते 1887 मध्ये. ग्रिअर्सनने 1905 च्या आपल्या खंडात ठाणे भागातील ख्रिस्ती लोकांची ही बोली 'किरिस्ताव' म्हणून नोंदवली. लुगड्याला येथे 'लुगरा' म्हणतात. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवरून 'उंबराचं पाणी' आणतात आणि त्या वेळी गाणी म्हणतात. आजीला येणारी ती गाणी इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातीला येतीलच असे नाही, आणि आजी काही प्रबंधाच्या मुदतीपर्यंत थांबणार नाही. बाहेरचा संशोधक ध्वनिमुद्रण करील, पण कोणत्या गाण्यात कोणती थट्टा दडली आहे हे नातच विचारू शकेल. तिने गोळा केलेल्या शब्दांना आणि गाण्यांना पदव्युत्तर वर्गात पूर्ण गुण मिळावेत, एवढी आमची मागणी आहे. आज अशा कामाला पुष्कळदा 'प्रकल्प' म्हणून पाच-दहा गुणांत वाटेला लावले जाते.

यावर काही प्राध्यापक म्हणतील, हे भाषाशास्त्राचे काम, साहित्याचे नव्हे. आम्हाला हे मान्य नाही. उत्तर कोकणच्या ख्रिस्ती मराठीत रचलेले फ्रान्सिस्कु वाझ द गिमारांइश यांचे पुराण 1659 मध्ये लिस्बनला रोमन लिपीत छापले गेले. ते देवनागरीत आणताना 'ल' कुठे आणि 'ळ' कुठे, 'न' कुठे आणि 'ण' कुठे, असे प्रश्न पानोपानी पडणार. त्या वेळी संपादकाला शब्दकोशाबरोबर गोराईच्या म्हातारीचीही साक्ष काढावी लागेल.